खडीचा एक ट्रे: शहरातल्या बहिरी ससाण्याचा विणीचा हंगाम

बहिरी ससाणा घरटं बांधत नाही. काड्या गोळा करणं, त्या विणणं, आत मऊ अस्तर लावणं हे काम या पक्ष्याला येतच नाही. उंच कड्यावरची एखादी कपार धरायची, तिथल्या मातीत नाहीतर बारीक खडीत छाती टेकवायची, पायांनी माती मागे उडवत उडवत बशीएवढा खळगा करायचा आणि त्यात अंडी घालायची, इतकी साधी त्याची रीत. ती पुरत आली, कारण कड्याच्या कपारीत ऊन-पावसाने झिजलेल्या दगडाचा भुगा साचलेला असतोच.

उंच इमारतीच्या छज्ज्यावर असं काही साचत नाही. तिथे काँक्रीट असतं, पत्रा असतो, गुळगुळीत तासलेला दगड असतो. त्यावर अंडं एका जागी ठरत नाही. मादी ते पोटाखाली ओढून घेते, ते घरंगळतं, ती पुन्हा ओढते. कधी ते कडेवरून खाली जातं, कधी पावसाच्या पाण्यात पडून गार होतं, कधी शेजारच्या अंड्यावर आपटून तडकतं.

शहरातल्या ससाण्यांबद्दल बोलताना मला हीच गोष्ट आधी सांगावीशी वाटते. या पक्ष्याच्या लेखी शहर म्हणजे कडाच. उंची आहे, भिंतीला आपटून वर चढणारा वारा आहे, समोर मोकळं आकाश आहे आणि खाण्याची ददात नाही. फरक दोनच ठिकाणी आहे: अंड्याखालची जमीन, आणि पिल्लाच्या पहिल्या उड्डाणाखालची जमीन. अधलंमधलं सगळं जोडपं आपलं आपण निभावून नेतं. माणसाने काही करावं अशा जागा या दोनच.

आधी थोडी ओळख. नावातल्या ‘बहिरी’चा ऐकू न येण्याशी संबंध नाही, हे शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलीतलं जुनं नाव आहे. इंग्रजीत याला पेरेग्रिन म्हणतात, म्हणजे भटक्या. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर तो सापडतो, आणि शाहीन ससाणा ही त्याचीच एक उपजात. पाठ निळसर राखाडी, पोटावर आडव्या काळ्या रेघा, डोळ्यांखाली गालावर उतरलेल्या दाट काळ्या मिशा. उंचावरून पंख मिटून भक्ष्यावर सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. मादी नरापेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठी असते. हा आकाराचा फरक लक्षात ठेवा, पुढे तो सारखा कामाला येणार आहे.

हंगामाची सुरुवात हवेत होते

उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागात थंडी सरता सरता, फेब्रुवारीच्या आसपास, जोडप्याच्या हालचाली बदलतात. दक्षिण गोलार्धात हेच चक्र उलटं असतं. मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवरच्या एका उंच इमारतीवर जी मादी दरवर्षी पाहायला मिळते, ती ऑगस्टअखेर-सप्टेंबरात अंडी घालते आणि तिची पिल्लं नोव्हेंबरात उडतात. तारखा वेगळ्या असल्या तरी हिशेब एकच. पिल्लं सर्वांत भुकेली असतील त्या आठवड्यांत आसपास भरपूर पक्षी असले पाहिजेत, आणि त्यांतले बरेचसे नुकते उडायला लागलेले, अननुभवी असले तर फारच उत्तम. या हिशेबाने मागे मोजत आलं की अंडी घालायची वेळ ठरते.

नर आता शिकार स्वतः खात नाही, मादीला आणून देतो. कधी छज्ज्यावर चोचीतून चोचीत, कधी उडता उडता. त्याच्या पायात भक्ष्य असतं, मादी खालून वर येते, हवेतच उलटी होऊन ते त्याच्या नख्यांतून काढून घेते. पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो, पण यात एक परीक्षा दडलेली आहे. पुढचे दोन-अडीच महिने मादीचं, मग पिल्लांचं पोट या नराच्या शिकारीवर चालणार असतं. जो नर आत्ता भरपूर आणू शकत नाही, तो चार पिल्लं असताना काय आणणार?

मग छज्ज्यावर नमस्कारांचा कार्यक्रम सुरू होतो. दोघं समोरासमोर येऊन मान खाली घालतात, शेपटी वर करतात आणि ‘ई-चुप, ई-चुप’ असा चिरका संवाद करतात. याच दिवसांत खळगा कोरला जातो. एकच नाही, नर दोन-तीन जागी कोरून ठेवतो आणि मादी निवड करते. निवडलेल्या जागी ती पुन्हा पुन्हा येऊन छाती टेकवून बसते, उठते, थोडी वळते, पुन्हा बसते. अंडी यायच्या आधीचे काही दिवस ती विलक्षण मंद होते. उडत नाही, शिकारीला जात नाही, तासन् तास नुसती बसून असते. नवख्या निरीक्षकाला ती आजारी वाटते. खरं तर अंगात अंडी घडत असतात.

अंडी, कवच आणि एक मोठी पडझड

अंडी बहुधा तीन किंवा चार, कोंबडीच्या अंड्यापेक्षा जरा लहान, विटकरी-तपकिरी ठिपक्यांनी भरलेली. दोन अंड्यांमध्ये साधारण दोन-अडीच दिवस जातात, म्हणजे चार अंड्यांना आठवडा लागतो. पहिलं अंडं आल्यावर मादी त्याच्यावर नीट बसत नाही. छज्ज्यावरच्या कॅमेऱ्याचं थेट प्रक्षेपण पाहणारे लोक इथे हमखास घाबरतात, की अंडं उघडं पडलंय, थंडी आहे, आई कुठे गेली? आई जवळच असते. फार गारठा असेल तेव्हा ती अंड्यावर उभी राहून आडोसा करते, पण पूर्ण ऊब देत नाही. पूर्ण ऊब मिळाल्याशिवाय आतली वाढ सुरू होत नाही, आणि तिला ती इतक्यात सुरू व्हायला नकोच असते. शेवटून दुसरं अंडं आलं की ती घट्ट बसते. आठवडाभर अंतराने घातलेली अंडी मग जवळजवळ एकाच वेळी फुटतात आणि पिल्लं एकमेकांच्या बरोबरीची होतात. घाई न करणं हे इथे आईचं शहाणपण आहे.

कवचाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण शहरात हे पक्षी आले कसे याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की बहिरी ससाणे फार माजलेत. त्यांची मोजदाद करण्याचं काम डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाकडे आलं. प्रत्यक्षात उलटंच दिसलं. जुन्या जुन्या कपारी ओस पडल्या होत्या, आणि जिथे जोडपी उरली होती तिथे अंडी फुटत होती, तीही आई-बापांच्याच अंगाखाली. रॅटक्लिफने संग्रहालयांतली आणि हौशी संग्राहकांकडची जुनी कवचं मोजली. १९४० च्या दशकाच्या शेवटापासून कवचं एकदम पातळ झाली होती, सरासरी जवळपास पाचव्या हिश्श्याने. १९६७ मध्ये हे ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

कारण होतं डीडीटी. हे कीटकनाशक दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांवर सर्रास फवारलं गेलं. ते चरबीत साठतं आणि लवकर विघटन पावत नाही. किड्यांनी खाल्लं, किडे लहान पक्ष्यांनी खाल्ले, असे शेकडो लहान पक्षी एका ससाण्याने खाल्ले, म्हणजे सगळ्यांचं विष त्याच्या अंगात जमा. त्यापासून बनणारा डीडीई हा पदार्थ मादीच्या कवच-ग्रंथीत कॅल्शियम वाहून नेणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणतो. रक्तात कॅल्शियम असतं, पण ते कवचापर्यंत पुरेसं पोचत नाही. मादी दिसायला ठणठणीत असते, अंडीही घालते. फक्त ते अंडं तिचा भार सोसू शकत नाही.

अमेरिकेत चित्र याहून वाईट होतं. १९६४ मध्ये पूर्व भागातल्या १३३ जुन्या विणीच्या जागा तपासल्या गेल्या. एकाही जागी ससाणे नव्हते. १९७२ मध्ये तिथे डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली, पण बंदीने नाहीसे झालेले पक्षी परत येत नाहीत. १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड यांनी ‘द पेरेग्रिन फंड’ ही संस्था सुरू केली होती. बंदिवासात ससाण्यांची पैदास करायची आणि पिल्लं मोकळी सोडायची, हे तिचं काम. पिल्लं उडण्याच्या वयाला आली की त्यांना उंचावरच्या पेटीत ठेवायचं, माणूस दिसणार नाही अशा बेताने नळीतून अन्न सोडायचं, आणि पेटीचं दार उघडून द्यायचं.

आधी ही पिल्लं जुन्या कड्यांवरच सोडली गेली. तिथे शिंगळ्या घुबडांनी ती रात्री उचलून नेली. मोठे ससाणे असते तर त्यांनी राखण केली असती, पण मोठे उरलेच नव्हते. म्हणून मनोरे आणि शहरांतल्या उंच इमारती पुढे आल्या. तिथे ती घुबडं कमी आणि कबुतरं भरपूर. अशी सोडलेली एक मादी, स्कार्लेट, १९७० च्या दशकाच्या शेवटी बाल्टिमोरच्या एका कार्यालयीन इमारतीच्या तेहतिसाव्या मजल्यावरच्या छज्ज्यावर राहायला आली. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या थ्रॉग्ज नेक आणि व्हेराझानो या दोन पुलांवर जोडप्यांनी ठाण मांडलं. उत्तर अमेरिकेत सहा हजारांवर पक्षी सोडले गेले आणि १९९९ मध्ये हा ससाणा अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. ब्रिटनमध्ये असं मुद्दाम कुणी शहरात आणून सोडलं नाही. विष ओसरलं, कडे पुन्हा भरले, आणि पुढच्या पिढ्यांनी कॅथेड्रलांचे मनोरे, वीज केंद्रांच्या चिमण्या आपणहून धरल्या.

आणि इथे खडीची गोष्ट पुन्हा येते. डीडीटीच्या कितीतरी आधी, १९३६ मध्ये, माँट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर एक जोडपं राहू लागलं होतं. उघड्या दगडावर अंडी टिकेनात. मग माणसांनी छज्ज्यावर वाळू-खडीचा उथळ ट्रे ठेवला. मादीने तो स्वीकारला आणि १९५२ पर्यंत तिथून वीसच्या वर पिल्लं उडाली. मेलबर्नमध्येही १९९० च्या दशकात हेच घडलं: छज्ज्याच्या पन्हाळीत घातलेली अंडी वाया गेली, ट्रे ठेवल्यावर पिल्लं वाढली. इतक्या मोठ्या, इतक्या वेगवान पक्ष्याची अडचण बोटभर जाडीच्या खडीच्या थराने सुटते, ही गोष्ट मला आजही हलवून जाते.

ट्रे म्हणजे फार मोठी कारागिरी नसते, पण काही गोष्टी चुकवून चालत नाहीत. खडी गोलसर हवी आणि वाटाण्यापेक्षा फार मोठी नको. ट्रेच्या तळाला भोकं हवीत, नाहीतर एका जोराच्या पावसात अंडी पाण्यात. वर थोडा आडोसा हवा आणि तोंड दुपारच्या उन्हाकडे नको. लहान पिल्लांना थंडीइतकंच ऊन मारतं. समोरची कड थोडी उंच हवी, म्हणजे धडपडणारं पिल्लू वेळेआधी खाली जाणार नाही. आणि ट्रे हंगामाच्या बराच आधी ठेवलेला हवा. अंडी आल्यावर ‘मदत’ करायला छज्ज्यावर जाणं म्हणजे बहुधा ती अंडी गमावणं.

महिनाभर बसून राहणं

घट्ट बसल्यापासून साधारण ३३ दिवस. या काळात बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही, आणि तरीही सगळं घडत असतं.

पोटावरची काही पिसं गळून तिथे उघडी, रक्तवाहिन्यांनी भरलेली, गरम कातडी तयार झालेली असते. ती अंड्याला थेट टेकली पाहिजे. म्हणून बसताना पक्षी डावी-उजवीकडे डोलत डोलत खाली होतो, पिसं बाजूला सारून अंडी कातडीला भिडवतो. आणि अंड्यांजवळ चालताना तो पंजे मिटून घेतो, मूठ वळावी तसे. ज्या नखांनी तो उडता पक्षी धरतो ती आत वळवून, गुडघे टेकल्यासारखा, तो अंड्यांभोवती फिरतो. कॅमेऱ्यावर हे दृश्य मिळालं तर अवश्य पाहा.

बसण्याचं काम दोघांचं, पण वाटणी असमान. रात्र मादीची, दिवसाचाही मोठा भाग तिचाच. नर शिकार आणतो, मादी ती घेऊन खायला जाते आणि तेवढा वेळ नर बसतो. इथे आकाराचा फरक उघड दिसतो. लहानखुऱ्या नराखाली चार अंडी मावत नाहीत. एक बाजूने बाहेर डोकावतं, तो ते आत घेतो, तोवर दुसरं बाहेर. तरी तो उठत नाही. कित्येकदा मादी परत आल्यावरही जागा सोडायला तयार नसतो आणि तिला त्याला अक्षरशः ढकलून उठवावं लागतं.

सगळी अंडी हंगामाच्या सुरुवातीलाच गेली, तर जोडपं साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा अंडी घालू शकतं. उशिरा गेली तर मात्र ते वर्ष संपलं.

धोका बाहेरून येतो तसा आपल्यांतूनही येतो. ससाणे वाढले तशा चांगल्या जागा भरल्या, आणि स्वतःची हद्द नसलेले तरणे पक्षी भरल्या जागांवर चालून येऊ लागले. लढाया होतात, जखमा होतात, कधी मरणही येतं. पण कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या घंटेच्या मनोऱ्यावर २०२२ साली जे झालं त्याने जाणकारही चकित झाले. तिथल्या अ‍ॅनी या मादीचा अनेक वर्षांचा जोडीदार ग्रिनेल ३१ मार्चला शहरात मेलेला सापडला. अंडी घालण्याचे ऐन दिवस चालू होते. नर नाही म्हणजे शिकार नाही, शिकार नाही म्हणजे मादीला अंडी सोडून उठावंच लागणार. सगळ्यांनी आशा सोडली. पण काही तासांतच एक नवा नर आला, अ‍ॅनीने त्याला थारा दिला आणि तो आधीच्या नराच्या अंड्यांवर बसला. दोन पिल्लं निघाली. नव्या नराने ती वाढवली.

चाळीस ग्रॅमपासून चाळीस दिवसांपर्यंत

अंडं फुटायला दोन-तीन दिवस लागतात. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक बारीक टणक उंचवटा असतो, त्याने ते आतून पहिलं छिद्र पाडतं. मग दम खातं, पुन्हा ठोकतं, आणि गोल फिरत कवचाचं टोपण कापून बाहेर येतं. आई मदत करत नाही. तिने करूही नये, कारण या वेळात कवचाच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या बंद होत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोडवलेलं पिल्लू रक्तस्रावाने मरू शकतं.

बाहेर येतं ते सुमारे चाळीस ग्रॅमचं, ओलं, डोळे जेमतेम उघडणारं. स्वतःच्या शरीराचं तापमान त्याला राखता येत नाही, म्हणून पहिले दहा-बारा दिवस आई त्यांना जवळपास सतत पंखांखाली घेऊन बसते. नर भक्ष्य आणतो, बहुधा डोकं काढून, पिसं उपटून. आई तांदळाच्या दाण्याएवढे मांसाचे तुकडे तोडून एकेका चोचीत देते. भुकेलं पिल्लू पुढे घुसतं, पोट भरलं की तिथेच मान टाकून झोपतं आणि मागच्याला पुढे यायला वाट होते. म्हणून जोपर्यंत अन्न पुरेसं आहे तोपर्यंत भावंडांत जीवघेणं भांडण क्वचितच होतं.

वाढीचा वेग थक्क करणारा असतो. आठवड्याभरात वजन दुप्पट, तीन आठवड्यांत दहापट. पांढऱ्या लवीतून तपकिरी पिसं फुटू लागतात. शेपटी कडेकडे करून पिल्लं विष्ठेची लांब पिचकारी बाहेर मारतात, त्यामुळे जागा स्वच्छ राहते आणि खालची भिंत पांढऱ्या ओघळांनी रंगते. उंच मनोऱ्याकडे पाहून ससाण्यांचा पत्ता काढायचा तर आधी हे ओघळ शोधावेत.

तिसरा आठवडा हा पिल्लांच्या पायात ओळखीची, अक्षरं असलेली कडी घालायचा. पाय आता जवळपास पूर्ण आकाराचे झालेले असतात, त्यामुळे कडी पुढे घट्ट होत नाही, आणि पायाच्या जाडीवरून नर-मादी ओळखता येते. प्रशिक्षित, परवाना असलेले लोकच हे काम करतात. चौथा आठवडा उलटला की कुणीही जवळ जाऊ नये, कारण तेव्हा घाबरलेलं पिल्लू कडेवरून उडी टाकतं आणि पंख अजून तयार नसतात.

या जोडप्यांच्या ताटात काय असतं? शहरात सर्वाधिक कबुतरं, त्यानंतर साळुंकीच्या जातीतले स्टार्लिंग आणि इतर मध्यम आकाराचे पक्षी. पण डर्बी, बाथ, ब्रिस्टल अशा इंग्लंडमधल्या शहरांत खाली पडलेली पिसं आणि हाडं वर्षानुवर्षं गोळा करणाऱ्यांना त्यात असे पक्षी सापडले जे दिवसा शहरावरून जातच नाहीत: लांब चोचीचे वुडकॉक, पाणकोंबड्यांच्या कुळातले रेल, लहान पाणडुब्या. हे सारे रात्री स्थलांतर करतात. डर्बी कॅथेड्रलवरच्या कॅमेऱ्याने ससाण्याला रात्रीच्या अंधारात जिवंत वुडकॉक घेऊन येताना टिपलं आणि कोडं सुटलं. शहराच्या दिव्यांनी वरून जाणाऱ्या पक्ष्याचं पोट उजळतं, आणि मनोऱ्यावर बसलेल्या ससाण्याला काळ्या आकाशावर ते दिसतं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरूनही अशा रात्रीच्या शिकारी नोंदल्या गेल्या आहेत.

टाळेबंदीच्या काळातली एक गोष्ट याला जोडून. २०२० मध्ये माणसं रस्त्यावरून नाहीशी झाली, तसं कबुतरांचं सांडलवंडलेलं खाणंही बंद झालं. ब्रिटनमधल्या घरट्यांची थेट दृश्यं पाहून नागरिकांनी केलेल्या नोंदींवरून पुढे दिसलं की लंडनच्या ससाण्यांच्या आहारात तेव्हा कबुतरं कमी झाली आणि स्टार्लिंग व पोपट वाढले. माणूस घरात बसला की तीनशे फुटांवरच्या पिल्लाचा घास बदलतो.

पहिली उडी

साधारण चाळिसाव्या दिवसाच्या आगेमागे ही वेळ येते. नर पिल्लं हलकी, त्यामुळे ती काही दिवस आधी उडतात. माद्यांना अंगाच्या मानाने पिसं वाढायला वेळ लागतो. आधीचे काही दिवस छज्ज्यावर नुसता गोंधळ असतो. पिल्लं कडेला उभी राहून पंख मारतात, क्षणभर उचलली जातात, दचकून पुन्हा बसतात. डोक्यावर अजून पांढऱ्या लवीचे पुंजके चिकटलेले असतात. आई-बाप भक्ष्य पायात धरून समोरून जातात, पण छज्ज्यावर उतरत नाहीत.

हे दुसरं नाजूक ठिकाण. कड्यावर पहिली उडी फसली तर खाली उतार असतो, झाडं असतात, आणखी कपारी असतात. पिल्लू कुठेतरी अडकतं, दम घेतं, चढत चढत पुन्हा वर येतं. शहरात समोर काच असते आणि काचेत आकाश दिसतं. खाली रस्ता असतो. सपाट जमिनीवरून उठायचं तर पंखांत जी ताकद लागते ती या पिल्लात अजून आलेली नसते. त्याला उडायला उंची लागते, आणि तेवढीच त्याने गमावलेली असते. म्हणून फुटपाथवर, गाडीखाली, दाराच्या कोपऱ्यात बसलेलं धडधाकट पिल्लू सापडतं.

ते दिसलं तर काय करावं हे अनेक शहरांत आता ठरून गेलंय. लोकांना आणि कुत्र्यांना लांब ठेवायचं. वाहनांचा धोका असेल तर अंगावर टॉवेल टाकून, नखांपासून हात जपत, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं आणि लगेच वन्यजीव बचाव पथकाला बोलवायचं. पाणी पाजायचं नाही, काही भरवायचं नाही. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकतात ही समजूत चुकीची आहे. तपासणीत इजा नाही असं दिसलं तर त्याला घरट्याजवळच्या एखाद्या उंच गच्चीवर सोडतात, थेट घरट्यात नव्हे, कारण तिथे माणूस गेला तर उरलेली पिल्लं वेळेआधी उड्या टाकतील. गच्चीवर पिल्लू ओरडतं, आई-बाप ऐकतात आणि तिथे खाणं पोचवतात.

मला वाटतं, या एका आठवड्यात इमारतीखाली दुर्बीण घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक सगळ्या हंगामातलं सर्वांत मोलाचं काम करतात. हीच वेळ खिडक्या धुणाऱ्यांनी दोर सोडू नयेत याची, आणि ड्रोन उडवणाऱ्यांनी दुसरं आकाश शोधावं याची.

उडता येणं म्हणजे शिकार येणं नव्हे. पुढचे महिना-दोन महिने शिकवणीचे. सुरुवातीला आई-बाप उडता उडता मेलेलं भक्ष्य सोडून देतात आणि पिल्लाने ते हवेत झेलायचं. नंतर अर्धमेलं, नंतर जिवंत. भावंडं एकमेकांवर सूर मारून सराव करतात, पानांचा, पिसांचा पाठलाग करतात. पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक पिल्लं मरतात: उपासमार, काचा, तारा, वाहनं, कबुतरांमधून येणारे रोग. जी उरतात ती साधारण दोन वर्षांची झाली की जागा शोधू लागतात. इमारतीवर वाढलेली पुष्कळदा इमारतच शोधतात. कडीवरची अक्षरं दुर्बिणीतून वाचली की कळतं, गेल्या-त्याच्या वर्षी अमुक मनोऱ्यावरून पडलेलं ते पिल्लू आता शंभर मैलांवरच्या एका चिमणीवर बसलंय.

छज्जा मात्र शरद ऋतूत रिकामा असतो. खडीत हाडं, पिसं, सुकलेली विष्ठा मिसळलेली असते, तळाची भोकं बुजलेली असतात. ट्रे बाहेर काढून धुवायचा, भोकं मोकळी करायची आणि ताजी खडी घालायची ती याच दिवसांत, नर पुन्हा नमस्कार घालायला येण्याआधी.